प्री-अप्रूव्ड क्रेडिट कार्ड मित्राला आलं, मला का नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. वय २८, चाकणच्या एका कारखान्यात काम, हातात महिना ३४ हजार. पगार एका खासगी बँकेच्या खात्यात येतो आणि तुम्ही तो त्याच दिवशी गावाकडच्या नागरी सहकारी बँकेत वळवता. शेजारच्या मशीनवरच्या मित्राला साधारण तेवढाच पगार, बँकही तीच, पण त्याच्या अ‍ॅपमध्ये ‘तुमच्यासाठी प्री-अप्रूव्ड कार्ड’ असं झळकतंय आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये काहीच नाही. म्हणून तुम्ही दोन महिन्यांत चार ठिकाणी ऑनलाइन अर्ज केलेत आणि चारही नाकारले गेले. नावावर म्हणाल तर हप्त्यावर घेतलेला एक मोबाइल, पतसंस्थेचं वेळेत फेडलेलं एक कर्ज, आणि चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तुम्ही जामीन आहात. आता ही ऑफर आपल्याला मिळावी म्हणून काय करायचं, हा प्रश्न.

मी बरीच वर्षं एका खासगी बँकेत कार्डांच्या अर्जांची छाननी केली आणि त्यातला काही काळ अशा याद्या काढणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून काम केलं. त्यामुळे यादी कशी बनते तिथूनच सुरुवात करतो.

प्री-अप्रूव्ड ऑफरसाठी अर्ज करता येत नाही. बँक आपल्याच खातेदारांची आपल्या सवडीने छाननी करते आणि जे चाळणीतून पार होतात त्यांच्या अ‍ॅपवर ती पाटी लावते. तुम्ही बाहेर चार ठिकाणी केलेल्या अर्जांनी या यादीत नाव चढत नाही, उलट खाली जातं. कसं, ते पुढे येईल. स्टेशनबाहेर किंवा मॉलमध्ये टेबल टाकून बसलेली मुलं ‘सर, तुमचं प्री-अप्रूव्ड आहे’ म्हणतात त्याकडे लक्ष देऊ नका. ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात, कारण त्यांना दर अर्जामागे पैसे मिळतात. तुमचं नाव बँकेच्या यादीत आहे की नाही हे त्या टेबलावरच्या मुलाला माहीत नसतं.

यादी बहुतेक बँकांत ठरावीक काळाने नव्याने निघते. सुरुवातीला सगळे बचत खातेदार घेतात, त्याला आमच्याकडे ‘बेस’ म्हणायचे. मग एकेक चाळणी लागते, आणि चाळण्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांकडून, माहिती मागवायला बँकेला पैसे मोजावे लागतात. म्हणून फुकटात जे गाळता येतं ते आधी गाळतात आणि ब्युरोची पाळी नंतर येते. लोक मात्र सिबिलचा आकडा पाहत बसतात, आणि त्यातले कितीतरी ब्युरोपर्यंत पोहोचलेलेच नसतात.

पहिली चाळणी अगदी रटाळ असते. पॅन खात्याला जोडलेला आहे का, केवायसी चालू आहे का, वय बसतं का (नोकरदारांना साधारण २१ पासून), मोबाइल नंबर बरोबर आहे का, जाहिरातीचे मेसेज आणि फोन नकोत असं तुम्ही बँकेला कळवलेलं आहे का. हे शेवटचं फार जणांच्या बाबतीत घडलेलं असतं. त्रास नको म्हणून अ‍ॅपमध्ये कधीतरी ‘ऑफर नकोत’ असं निवडलं जातं आणि नंतर विसरलं जातं. मग पत्ता. बँकेकडे तुमचा पत्रव्यवहाराचा पत्ता गावचा असेल आणि त्या पिनकोडवर बँकेची कार्डाची सेवा किंवा वसुलीची व्यवस्था नसेल, तर तुम्ही तिथेच बाहेर. आमच्या भाषेत ‘ओजीएल’, म्हणजे बँकेने आखलेल्या भौगोलिक हद्दीबाहेर. तुम्ही राहता चाकणला, पण बँकेच्या नोंदीत आधारवरचा गावचा पत्ता तसाच असणार, अशी मला दाट शंका आहे. भाडेकरार किंवा शाखा मागेल तो कागद देऊन आधी हा पत्ता बदला. काम क्षुल्लक आहे, पण याच्यामुळे अडलेली चांगल्या पगाराची माणसं मी पाहिली आहेत.

दुसरी चाळणी तुमच्या खात्याच्या वागणुकीची. इथे तुमचा आणि मित्राचा फरक पडला असणार.

बँकेला तुमचा पगार दिसतो, पण ‘पगार’ म्हणून दिसतो का? कंपनी बँकेच्या पगारप्रणालीतून एकगठ्ठा रक्कम टाकते तेव्हा नोंदीवर तसा शिक्का बसतो. तेच पैसे साध्या एनईएफटीने आले तर संगणकाच्या लेखी ती कुणीतरी पाठवलेली रक्कम असते. चाकण, रांजणगाव, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांत आणखी एक गोष्ट होते. माणूस वर्षानुवर्षं एका मोठ्या कंपनीच्या गेटमधून आत जातो, पण पगार देतो ठेकेदार. गणवेशावर एक नाव आणि बँकेच्या नोंदीत दुसरंच, आणि ते दुसरं नाव बँकेच्या मान्य कंपन्यांच्या यादीत नसतं. तुमचा मित्र कंपनीच्या पटावर आणि तुम्ही ठेकेदाराच्या पटावर असाल, तर पगार सारखा असूनही उत्तर वेगळं येतं. पासबुक किंवा अ‍ॅपमधल्या पगाराच्या नोंदीसमोर काय लिहून येतं ते बघा, लगेच कळेल.

त्यानंतर शिल्लक. तुम्ही ३४ हजार आल्या दिवशी दुसरीकडे पाठवता. गावच्या बँकेशी घरोबा असतो, मॅनेजर ओळखीचा असतो, ठेवीवर थोडं जास्त व्याज मिळतं, हे सगळं मला समजतं. पण पगाराच्या बँकेला गावच्या बँकेतली तुमची शिल्लक दिसत नाही. तिला दिसतं ते एवढंच, की या माणसाच्या खात्यात महिन्यातले एकोणतीस दिवस दोन-चारशे रुपये असतात. बँकांमधली माहिती एकमेकांना दाखवण्याची ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ नावाची सोय सप्टेंबर २०२१ पासून सुरू आहे, पण ती तुम्ही संमती दिल्यावरच चालते आणि यादी काढताना तुम्हाला कुणी विचारायला येत नाही. पगार तिथेच राहू द्या, विजेचं बिल, किराणा, घरभाडं तिथूनच जाऊ द्या, आणि गावाला जे पाठवायचं ते महिनाभरात टप्प्याटप्प्याने पाठवा. तीन-चार महिन्यांत सरासरी शिल्लक वेगळी दिसू लागते.

आणि मोबाइलचा हप्ता? तो याच खात्यातून कापला जात होता ना? पगार १ तारखेला आला, त्याच दिवशी गावाला गेला, आणि ५ तारखेला हप्ता आला तेव्हा खातं रिकामं. मग दंड, मग फोन, मग तुम्ही यूपीआयने हप्ता भरलात. तुमच्या दृष्टीने विषय संपला. बँकेच्या वहीत मात्र ‘हप्ता परत गेला’ ही नोंद राहिली, आणि यादी काढणारा संगणक अशा नोंदी मोजतो. तुमच्या बाबतीत असं झालं असेलच असं नाही, पण पगार लगेच वळवणाऱ्यांच्या खात्यात हे इतकं नेहमीचं आहे की मी सगळ्यात आधी तेच शोधेन.

आता ब्युरो. भारतात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली त्या चालतात आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर पडत नाही. बँकेने यादीसाठी केलेली तपासणीही स्कोअरला लागत नाही. लागते ती तुम्ही अर्ज केल्यावर होणारी चौकशी.

अहवाल हातात आला की ३०० ते ९०० मधला तो आकडा बाजूला ठेवा आणि खाली खात्यांची यादी वाचा. तुमच्या बाबतीत तीन ठिकाणी बोट ठेवून बघायचं आहे.

पतसंस्थेचं कर्ज तिथे बहुधा दिसणारच नाही. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, आणि बहुतेक पतसंस्था ब्युरोला माहिती पाठवत नाहीत. तुम्ही तो हप्ता कितीही इमानदारीने भरला असलात तरी त्याचं श्रेय इथे मिळत नाही. वाईट वाटतं, पण आहे हे असं आहे. शिक्षकांच्या, एसटी कामगारांच्या पतपेढ्यांमधून आयुष्यभर कर्ज घेऊन फेडलेली आणि ब्युरोच्या लेखी कोरी असलेली माणसं महाराष्ट्रात पुष्कळ आहेत.

मोबाइलचं कर्ज ‘कन्झ्युमर लोन’ म्हणून दिसेल. ते बंद दाखवलंय का ते पाहा. शेवटचा हप्ता भरला तरी मधल्या दंडाचे चार-पाचशे रुपये येणे राहिले असतील तर खातं उघडंच राहतं आणि दर महिन्याला थकबाकी दिसत राहते. तसं असेल तर पैसे भरा आणि थकबाकी नसल्याचं पत्र घ्या. ‘सेटल’ करून देतो, म्हणजे कमी पैशांत मिटवून देतो, असं कुणी म्हटलं तर त्या वाटेला जाऊ नका, कारण ‘सेटल्ड’ हा शेरा पाहिला की कार्ड विभागात फाइल पुढे सरकत नाही. पाचशे रुपयांसाठीही नाही.

तिसरं, आणि मला वाटतं हेच मुख्य आहे: ट्रॅक्टर. आपल्याकडे जामीन राहणं म्हणजे नात्यातली गोष्ट. सही करताना कुणी कर्जाचा विचार करत नाही, नाही म्हटलं तर काका काय म्हणतील याचा करतं. पण ब्युरोच्या अहवालात ते कर्ज तुमच्याच खात्यांच्या यादीत येतं, फक्त मालकीच्या रकान्यात ‘गॅरंटर’ असं असतं. कर्जाची मूळ रक्कम, आजची बाकी, आणि खाली महिन्या-महिन्याचे चौकोन. चौकोनात तीन शून्यं किंवा ‘एसटीडी’ असेल तर हप्ते वेळेवर आहेत. ०३०, ०६०, ०९० असे आकडे असतील तर तितके दिवस थकबाकी होती. मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचा हा इतिहास दिसतो. ट्रॅक्टरचे हप्ते बऱ्याचदा सहामाही असतात, ऊस कारखान्याला गेला आणि बिल उशिरा आलं की हप्ता लांबतो. गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही, ‘बिल आलं की भरतो’ म्हणतात आणि भरतातही. पण मधल्या काळात तुमच्या अहवालात ०६० उमटून गेलेलं असतं. भावाने तुम्हाला सांगितलेलं नसतं, आणि कर्ज देणारी कंपनीही जामीनदाराला फार उशिरा फोन करते.

यावर उपाय दोनच. भावाशी बोलून हप्त्याची तारीख, बाकी रक्कम आणि कर्जखात्याचा नंबर घ्या, आणि हप्त्याच्या आधी आठवडाभर स्वतः विचारत जा. तो अडला असेल तर आपल्या खिशातून भरून नंतर हिशेब करणं परवडतं. जामीन काढून घेणं म्हणाल तर ते कर्ज देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. तो दुसरा जामीनदार मागतो आणि तो पटला तरच तुम्हाला मोकळं करतो. काकांकडे विषय काढायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

अहवालात चूक असेल, म्हणजे फेडलेलं कर्ज उघडं किंवा तुमचं नसलेलंच कर्ज तुमच्या नावावर दिसत असेल, तर ब्युरोच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. त्याला पैसे लागत नाहीत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणारे फेसबुकवर ढिगाने आहेत. ते फार तर हीच तक्रार तुमच्या वतीने टाकतात आणि पाच-दहा हजार घेतात. खऱ्या थकबाकीची नोंद ते पुसू शकत नाहीत, कुणीच शकत नाही.

आता ते चार अर्ज. प्रत्येक अर्जाबरोबर अहवालात चौकशीची एक ओळ पडते: तारीख, कुणी चौकशी केली, कशासाठी. छाननी करणारा जेव्हा दोन महिन्यांत चार ओळी आणि त्यानंतर एकही नवं खातं नाही असं पाहतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी कळतात. या माणसाला पैशाची घाई आहे, आणि माझ्या आधी चौघांनी नाही म्हटलंय. पाचवा अर्ज केलात तर तो पहिल्या चारांच्या सावलीत वाचला जाईल. म्हणून किमान सहा महिने कुठेही अर्ज करू नका. ‘पात्रता तपासा’ असं लिहिलेली संकेतस्थळं स्कोअरला न लागणारी हलकी तपासणी करतात, तिथवर ठीक आहे, पण शेवटी ‘अर्ज पाठवा’ दाबलं की ती चौकशीच होते.

ज्यांनी नाकारलं त्यांना मात्र कारण विचारा. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट व डेबिट कार्डांविषयीच्या निर्देशांनुसार अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवणं कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे. बहुतेकदा ‘अंतर्गत धोरणानुसार’ असं गुळमुळीत उत्तर येतं. ते तेवढ्यावर सोडू नका, पुन्हा मेल करा आणि नियमाचा उल्लेख करा. चारांपैकी दोघांनी ‘ब्युरो’ म्हटलं तर ट्रॅक्टर, ‘पिनकोड’ किंवा ‘कंपनी’ म्हटलं तर वर सांगितलेल्या चाळण्या. आणि कर्जाचा इतिहासच नाही एवढ्या एका कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत म्हटलेलं आहे. किमान स्कोअर किती हवा याचा कुठलाही सरकारी नियम नाही. ७५० हा जो आकडा सगळे सांगतात तो बँकांनी आपापल्या सोयीने ठरवलेल्या मर्यादांचा सरासरी अंदाज आहे.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, ती सांगून टाकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या क्रेडिट कार्डावरच्या येण्यांचं जोखीमभारांकन, म्हणजे बुडण्याच्या धोक्यापोटी किती भांडवल राखायचं हे ठरवणारा आकडा, १२५ वरून १५० टक्के केलं. बँकेच्या बाजूने याचा अर्थ असा, की ९ टक्के किमान भांडवलाच्या हिशेबाने कार्डावर दिलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे आधी ११.२५ रुपये भांडवल बाजूला ठेवावं लागायचं, आता १३.५०. भांडवल महाग झालं की सगळ्यात आधी कमी पगाराचा आणि नव्या माणसांचा कोटा कापला जातो. तुमच्यासारख्याच माणसाला २०२२ मध्ये ऑफर आली असेल आणि तुम्हाला आज येत नसेल, तर त्यात तुमचा दोष असेलच असं नाही.

सहा महिने नुसतं बसून राहायचं का? नाही. ज्याच्या अहवालात धड खातंच नाही त्याच्यासाठी मुदत ठेवीवरचं कार्ड हा सरळ रस्ता आहे आणि मला तो मनापासून आवडतो. बँकेत ठेव ठेवायची, बँक तिच्यावर बोजा चढवते आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड देते. एसबीआय कार्ड, आयसीआयसीआय, अ‍ॅक्सिस, आयडीएफसी फर्स्ट अशा अनेकांकडे ही सोय आहे. ठेवीवर व्याज चालू राहतं. पगाराची पावती, कंपनीची यादी, स्कोअर यावर फारसं काही अडत नाही. ब्युरोत त्याची नोंद इतर कार्डासारखीच दर महिन्याच्या परतफेडीची होते. मी तुमच्या जागी असतो तर गावच्या बँकेतले २५-३० हजार काढून पगाराच्या बँकेतच ठेव केली असती आणि त्यावर कार्ड घेतलं असतं. एकाच दगडात शिल्लकही सुधारते आणि इतिहासही सुरू होतो. कार्ड रुपेचं मिळालं तर आणखी बरं, ते यूपीआयला जोडून चहाच्या टपरीवरही वापरता येतं. पण मर्यादा २५ हजार असेल तर बिलाच्या तारखेला त्यावर सात-आठ हजारांपेक्षा जास्त बाकी दिसू देऊ नका. ब्युरोला बहुधा बिलातलाच आकडा जातो, तुम्ही नंतर पूर्ण भरलं तरी. जास्त खर्च झाला असेल तर बिल निघायच्या आधी थोडी रक्कम भरून टाका.

जानेवारी २०२५ पासून बँकांना ब्युरोला महिन्यातून किमान दोनदा माहिती द्यावी लागते, त्यामुळे बदल आता पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. सहा-आठ महिन्यांचा स्वच्छ इतिहास, पगाराच्या खात्यात टिकणारी शिल्लक, बरोबर पत्ता आणि ट्रॅक्टरचे चौकोन नीट, एवढं जमलं की पुढच्या यादीत तुमचं नाव यायला वाव आहे. खात्री देत नाही, यादी बँकेची आहे.

ऑफर आली की तिथेही जरा थांबा. प्री-अप्रूव्ड म्हणजे अंतिम मंजुरी नव्हे. तुम्ही ‘होय’ म्हटल्यावर बँक पुन्हा ब्युरो पाहते, या वेळी चौकशीची नोंद होते, आणि मधल्या काळात काही बिघडलं असेल तर नकारही येतो. ऑफरला मुदत असते, तेव्हा ती गायब झाली म्हणून घाबरू नका, पुढच्या यादीत परत येऊ शकते. ‘फ्री’ शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा: आजीवन मोफत की पहिल्या वर्षापुरतं? दुसऱ्या वर्षापासूनच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी वेगळा. व्याजाचा दर महिन्याचा लिहिलेला असतो. ३.५ टक्के महिना म्हणजे वर्षाला ४२. बिलातले २० हजार महिनाभर पुढे ढकलले तर ७०० रुपये व्याज आणि त्यावर १२६ रुपये कर, एका महिन्याचे. ‘किमान देय रक्कम’ भरली की खातं थकीत होत नाही एवढंच, व्याज चालूच राहतं. कार्डाने एटीएममधून रोकड काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून. ३४ हजार पगारात गावाला पैसे पाठवून हातात जे उरतं त्यातून पूर्ण बिल भरता येईल एवढाच खर्च कार्डावर करा. ते जमणार नसेल तर ऑफर आली तरी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्डांच्या टीमला हे ऐकायला आवडणार नाही.

ऑफर खरी आहे का हे पाहण्याची जागा एकच, बँकेचं स्वतःचं अ‍ॅप किंवा नेट बँकिंग. फोनवर सांगणाऱ्याला ‘अ‍ॅपमध्ये बघतो’ म्हणा आणि ठेवून द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडायची नाही, ओटीपी सांगायचा नाही. बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे वळवली गेली आहेत, लिंकचा शेवट तेवढा बघा. फसलात तर १९३० वर लगेच फोन, तासाभरात केला तर पैसे अडवता येण्याची शक्यता बरी असते.

तुम्ही शेवटी विचारलंय की न मागता कार्ड घरी आलं तर काय. संमतीशिवाय कार्ड द्यायला रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत बंदी आहे. असं कार्ड देऊन त्यावर बिल लावलं तर बँकेला ते शुल्क परत करून त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागतो. तुम्ही मागितलेलं कार्ड आलं आणि ३० दिवसांत सुरू केलं नाहीत तर बँकेने ओटीपीने संमती विचारायची. तुम्ही ती दिली नाहीत तर खातं विनाशुल्क बंद करायचं. घेतलेलं कार्ड नको झालं तर बाकी शून्य करून बंद करण्याचा अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. अर्जातच ही ओळ लिहून टाकलीत तर ‘सर, एक चांगली ऑफर आहे, बंद करू नका’ असं सांगणारे फोन बरेच कमी येतात. तक्रारीला बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, माहितीसाठी फोन १४४४८.